एका प्रमादाची वहिवाट

सरळ धावणाऱ्यापेक्षा तिरका धावणारा अधिक वेगाने पुढे जावा, ही गोष्ट देहधारी मनुष्याच्या अनुभवास सोडून आहे. परंतु १९९३ च्या डिसेंबरात संगणकाच्या पडद्यावर अवतरलेल्या ‘डूम’ या बंदुकबाजीच्या खेळात ती प्रथम दिवसापासून खरी होती. पुढे धावण्याचे परिमाण ५० आणि बाजूस सरकण्याचे ४० असे ठरवून देणाऱ्या रचनाकारांनी, दोन्ही कळी एकदम दाबल्यास दोहोंची बेरीज काटकोन त्रिकोणाच्या कर्णाप्रमाणे ६४ च्या घरात जाईल, याचा बंदोबस्त केलेला नव्हता. खेळाडूंनी ही सव्वापटीहून अधिक गती शोधून काढली आणि कोणाचीही परवानगी न विचारता ती आपलीशी केली.

ज्या कंपनीने हा खेळ रचला, त्याच टेक्सासमधील ‘इड सॉफ्टवेअर’ने जून १९९६ मध्ये ‘क्वेक’ प्रसिद्ध केला, आणि या इतिहासाचे मुख्य प्रकरण तेथे सुरू होते. जॉन कारमॅक या विलक्षण बुद्धीच्या प्रोग्रामरने धावण्याची मर्यादा सेकंदास ३२० एकके अशी बांधून दिली होती आणि जमिनीवर ती पाळलीही जात असे. पण खेळाडू अधांतरी असताना खेळाच्या यंत्राचा (इंजिनाचा) हिशेब निराळा चाले. त्या अवस्थेत यंत्र त्याचा एकूण वेग पाहत नसे, तर ज्या दिशेने तो जाऊ इच्छितो त्या दिशेपुरता वेगाचा अंश तेवढा तपासत असे, आणि तो ३० एककांहून कमी भरला की आणखी वेग बहाल करीत असे. म्हणून जो चतुर खेळाडू उडी मारून बाजूची कळ दाबी आणि त्याच बेताने माउस हळुवार वळवून आपली इच्छित दिशा प्रत्यक्ष गतीशी जवळजवळ काटकोनात राखी, त्याचा त्या दिशेतील अंश यंत्रास नगण्य दिसे, आणि आधीच भरधाव असलेल्या त्या गृहस्थास ते मंद समजून पुनःपुन्हा वेग देत जाई. घर्षणाचा अंमल जमिनीपुरताच असल्याने पाय टेकताक्षणी पुन्हा उडी घेतली की मिळवलेला वेग शिलकीत राही. सशासारख्या या चालीस ‘बनी हॉपिंग’ हे नाव पडले.

हा केवळ कसरतीचा प्रकार नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. क्वेकच्या द्वंद्वात चिलखत उचलल्यानंतर २० सेकंदांनी त्याच जागी पुन्हा प्रकट होते. अर्थात प्रतिस्पर्ध्याच्या आधी तेथे पोचणाऱ्याच्या हाती सबंध रणभूमीची मालकी येते, आणि नेमबाजीत उणा असलेला मनुष्यही अशा मालकीच्या बळावर जिंकू शकतो. त्यातच पायाशी रॉकेट डागून, काही प्राणशक्ती खर्ची घालून, त्याच्या धक्क्याने उंच सज्ज्यावर जाण्याची युक्ती रूढ झाल्यावर तर नकाशातील जिने बऱ्याच अंशी शोभेपुरते उरले. १९९७ साली ‘रेड अ‍ॅनिहिलेशन’ स्पर्धा जिंकून कारमॅकची स्वतःची फेरारी मोटार बक्षीस घेऊन जाणारा डेनिस फाँग ऊर्फ थ्रेश हा याच कालखंडातला. त्याच वर्षी काही उत्साही मंडळींनी निरनिराळे टप्पे एकत्र जोडून सबंध क्वेक सर्वांत कठीण काठिण्यपातळीवर १९ मिनिटे ४९ सेकंदांत पार केल्याचे चित्रण प्रसृत केले.

आता निर्मात्याची बाजू. ‘क्वेक ३ अरेना’ची सिद्धता चालू असता, १९९९ मध्ये, कारमॅकने आपल्या जाहीर रोजनिशीत स्पष्टच लिहिले की तिरक्या उडीचा हा लाभ हेतुपुरस्सर दिलेला नाही, आणि लोकांनी परिश्रमाने सराव केला एवढ्यावरून तो समर्थनीय ठरत नाही. तर्काच्या दृष्टीने हे बिनतोड होते. पण दुरुस्ती करू जाता साधे धावणेच बेचव झाले, आणि खेळ त्या दोषासहच बाजारात आला. पुढे २००५ मध्ये त्याचा मूळ संकेत (सोर्स कोड) सर्वांस खुला झाला, तेव्हा जिज्ञासूंना त्यात दोन्ही रीती शेजारी शेजारी आढळल्या: शुद्ध रीत बंद करून ठेवलेली, आणि ती योग्य असली तरी अनुभवास वाईट वाटते, अशा अर्थाचा शेरा तिच्या माथ्यावर मारलेला. एवढा प्रांजळ शेरा सरकारी दप्तरात क्वचितच सापडेल.

क्वेकच्याच यंत्रावर १९९८ मध्ये ‘हाफ-लाइफ’ उभारणाऱ्या वाल्व्ह कंपनीने अधिक कडक धोरण स्वीकारले. सशाच्या उड्यांनी कमाल वेगाच्या १.७ पटीपलीकडे कोणी जाऊ नये, असा निर्बंध तिने पुढे संकेतात घातला. त्यातून निघालेल्या ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये धावताना गोळ्या विखुरतात, त्यामुळे तेथील खरे कसब थांबण्याचे: कोपऱ्याआडून बाहेर येताच उलट दिशेची कळ निमिषभर दाबून गती मारायची आणि मगच चाप ओढायचा. ‘ट्राइब्स’ या दुसऱ्या एका बंदुकबाजीच्या खेळात मात्र उतारावर उडीची कळ सतत ठोकून घसरत जाण्याची जी युक्ती खेळाडूंनी शोधली, तिला उत्तरकालीन आवृत्त्यांनी राजरोस मान्यता देऊन खेळाचा पायाच बनवले.

क्वेक ३ च्या अनुयायांनी तर ‘डीफ्रॅग’ नावाची एक स्वतंत्र रचना सिद्ध केली. तीत प्रतिस्पर्ध्यास मारण्याचे प्रयोजन जवळजवळ उरलेले नाही. उड्या घेत, रॉकेटचा उपयोग केवळ स्वतःस फेकण्यासाठी करीत, ठरलेली वाट घड्याळाशी झुंजत पार करायची, आणि सेकंदाच्या सूक्ष्म अंशांवरून श्रेष्ठत्व ठरवायचे.