छोटा ट्रॅक्टर सुरू होईना : नवी बॅटरी घेण्याआधी काय तपासावे?

लालबाग, परळ, गिरगाव वा दादरच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर क्वचितच दिसतो. मात्र ट्रॅक्टरची काळजी वाहणारी घरे या भागांत कमी नाहीत. गिरणगाव वसले तेच कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांच्या बळावर. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर अनेक कुटुंबे गावी परतली, अनेकांनी मुंबईतच दुसरी कामे धरली. पण गावच्या शेतीशी असलेला संबंध बहुतेकांनी तोडला नाही. भातलावणीसाठी चार दिवसांची रजा काढून चाकरमानी गावी पोहोचतो आणि शेडमधला ट्रॅक्टर चावी फिरवूनही हूं की चूं करत नाही, तेव्हा रजा आणि पाऊस दोन्ही हातचे जातात. अशा वेळी पहिला संशय बॅटरीवर घेतला जातो आणि हजारो रुपये खर्चून ती बदललीही जाते. दोष मात्र पुष्कळदा एखाद्या गंजलेल्या केबलच्या टोकाशी दडलेला असतो.

दिवा लागतो, सेल्फ का नाही?

एका सिलिंडरचा, 15 अश्वशक्तीचा महिंद्र युवराज 215 असो वा तीन सिलिंडरचा, 18.5 अश्वशक्तीचा व्हीएसटी शक्ती एमटी 180 डी, अशा छोट्या ट्रॅक्टरची विद्युतयंत्रणा 12 व्होल्टची असते. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा उडतो आणि पेट घेतो. त्यासाठी इंजिन पुरेशा वेगाने फिरवणे हे स्टार्टरचे, म्हणजे बोलीभाषेतील ‘सेल्फ’चे काम.

दिव्याला काही अँपिअर प्रवाह पुरतो. सेल्फला शंभराहून अधिक लागतो. 200 अँपिअर प्रवाहाच्या वाटेत ओहमच्या शंभराव्या भागाइतका रोध आला, तरी 2 व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. म्हणूनच ‘दिवा लागतो, अर्थी बॅटरी आणि वायरिंग ठीक आहे’ हा समज फसवा ठरतो. कोकणच्या दमट, खारट हवेत बॅटरीच्या खुंट्यांवर साचणारी पांढरी-हिरवी भुकटी नेमका असाच रोध निर्माण करते.

आधी ऐकावे, मग मोजावे

तपासणीपूर्वी गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा. चावी फिरवल्यावर काहीच आवाज आला नाही, तर फ्यूज, चावीचा स्विच आणि क्लच किंवा गिअरजवळचा सुरक्षा स्विच पाहावा. क्लच पूर्ण दाबलेला नसल्यामुळे सेल्फ न घेणारे ट्रॅक्टरही थोडे नाहीत. ‘टक-टक-टक’ असा सलग आवाज बहुधा उतरलेली बॅटरी किंवा सैल जोड सुचवतो. एकच ‘टक्’ ऐकू येत असेल, तर सोलेनॉइड, जाड केबल किंवा खुद्द सेल्फ तपासावा लागतो.

यानंतर मल्टिमीटर हाती घ्यावा. काही तास न वापरलेली, पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे साधारण निम्मी भरलेली. आकडा 12च्या खाली असेल, तर आधी बॅटरी चार्ज करून घ्यावी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळला, तर बॅटरी दुबळी आहे किंवा सेल्फ अतिरिक्त प्रवाह ओढतो आहे. आकडा बाराच्या आसपास टिकला आणि तरीही सेल्फ फिरला नाही, तर बॅटरीतील वीज सेल्फपर्यंत पोहोचतच नाही.

त्यासाठीची चाचणी सोपी आहे. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरावी आणि दुसऱ्याने सेल्फ मारावा. आकडा अर्ध्या व्होल्टहून अधिक आल्यास अर्थची केबल किंवा तिचा जोड सदोष समजावा. जोड सोडवताना ऋण टोक आधी काढावे आणि शेवटी जोडावे. खुंट्या खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासून, कोरड्या करून घट्ट आवळाव्यात आणि वरून व्हॅसलिन लावावे. शेडमध्ये उभ्या ट्रॅक्टरच्या वायरी उंदीर कुरतडतात, तेही पाहून घ्यावे.

सेल्फ फिरतो, इंजिन घेत नाही

येथे धुराड्याकडे पाहावे. धूर अजिबात नसेल, तर डिझेल पोहोचत नाही. टाकीचा कॉक, बंद करण्याची दांडी, फिल्टर आणि, असल्यास, इंधन रोखणारा सोलेनॉइड तपासावा. टाकी पूर्ण रिकामी झाली असेल, तर नळीत हवा धरते. अशा वेळी फिल्टरवरील स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारावा. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल येते पण पेटत नाही. सेल्फ मंद फिरणे किंवा ग्लो प्लग निकामी होणे ही त्याची नेहमीची कारणे. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि पुन्हा मारण्याआधी एक-दोन मिनिटे थांबावे.

इंजिन सुरू झाल्यावर बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसायला हवेत. कमी असल्यास पट्टा, अल्टरनेटर आणि रेग्युलेटर पाहावा. एरवी नवी बॅटरीही काही दिवसांतच उतरेल.

जिवाशी खेळ नको

जमिनीवर उभे राहून, स्क्रूड्रायव्हरने सेल्फची टोके जोडून इंजिन सुरू करण्याची सवय जीवघेणी आहे. त्यामुळे सुरक्षा स्विच निरुपयोगी होतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल, तर तो तत्क्षणी पुढे झेपावतो आणि मागचे चाक उभ्या माणसाच्या अंगावरून जाऊ शकते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून स्फोटक हायड्रोजन वायू निघतो. जवळ विडी-काडी नको. नॉझलच्या उच्च दाबाच्या नळीची गळती बोटाने चाचपू नये, कारण डिझेलची धार त्वचा भेदून आत शिरते.

मुंबईहून काय न्यावे?

ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर साधा डिजिटल मल्टिमीटर सहज मिळतो. ऑपेरा हाऊस परिसरातील मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांतून बॅटरीच्या खुंट्यांचे क्लॅम्प आणि फ्यूज घेता येतात. आम्लाने भरलेली बॅटरी रेल्वेने सोबत नेण्याऐवजी तालुक्याच्या बाजारातूनच घ्यावी. मीटर मात्र गावच्या घरीच ठेवावा. पुढच्या वेळी फोन येईल तेव्हा ‘सेल्फ घेत नाही’ एवढ्यावरच न थांबता तिकडून आकडे सांगता येतील आणि नेमका कोणता भाग हवा, हे गाडी पकडण्याआधीच ठरेल.