विंचूरला स्वातंत्र्य कधी मिळाले?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

इंग्रजांचे राज्य कधी संपले, असे शाळकरी मुलाला विचारले तरी तो १५ ऑगस्ट १९४७ हीच तारीख सांगेल. दिल्लीपुरते ते अगदी बरोबर आहे. पण एखाद्या गावात उभे राहून हाच प्रश्न विचारला, तर उत्तर इतके सरळ येत नाही. आमच्या निफाड तालुक्यातले विंचूरच घ्या ना. आज विंचूर म्हटले की लोकांना कांद्याचा बाजार आठवतो, द्राक्षे आठवतात, फार तर औद्योगिक महामंडळाचे वाइन पार्क आठवते. त्याआधी दोनशे वर्षे मात्र हे सरदारांचे गाव होते.

विठ्ठल शिवदेव दाणी हे पेशवाईतले एक मोठे सरदार. उत्तरेच्या मोहिमा त्यांनी गाजवल्या. १७६१ साली पानिपतावर लढून जे मोजके सरदार जिवंत परतले, त्यांत ते होते. विंचूर त्यांना जहागीर मिळाले आणि दाणी घराणे विंचूरकर झाले. फौज बाळगण्याच्या खर्चासाठी मुलूख तोडून द्यायचा, याला सरंजाम म्हणत. आज आपण 'सरंजामशाही' हा शब्द शिवीसारखा वापरतो, पण मुळात तो लष्करी हिशेबातला शब्द आहे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. खरे तर फौज गेली तेव्हा सरंजामही जायला हवा होता. तो गेला नाही. एल्फिन्स्टन धोरणी माणूस. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्याहून काढलेल्या जाहीरनाम्यात त्याने वतने, इनामे, देवस्थानांची उत्पन्ने सांभाळण्याचे आश्वासन दिले. मोठ्या घराण्यांना दुखवले तर नवे राज्य टिकणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. मग 'दख्खनचे सरदार' असा एक मानाचा वर्गच तयार झाला. त्यात पहिला, दुसरा, तिसरा असे दर्जे. १८२७ च्या कायद्याने सरदारांच्या दाव्यांसाठी वेगळा एजंट नेमला गेला. विंचूरकर पहिल्या दर्जाचे. म्हणजे गोऱ्या साहेबाचे राज्य आणि सारा मात्र वाड्यावर, अशी ही दुहेरी रचना होती. शेतकऱ्याला व्हाइसरॉय कधी दिसला नाही. त्याला दिसला तो कारकून.

सरदार म्हणजे सगळेच इंग्रजांचे बगलबच्चे, असे मात्र समजू नये. पुण्यातला विंचूरकर वाडा पाहा. लोकमान्य टिळक तिथे बरीच वर्षे राहिले, १८९४ चा त्यांचा सार्वजनिक गणपती तिथेच बसला. पहिल्या दर्जाच्या सरदाराचा वाडा आणि भाडेकरू सरकारच्या डोळ्यात सलणारा! इतिहासाला अशा गमती फार आवडतात.

आता १९४७ कडे येऊ. संस्थानिकांनी सामीलनाम्यांवर सह्या केल्या. त्यांना तनखे मिळाले आणि ते १९७१ पर्यंत चालले. जहागीरदार हे संस्थानिक नव्हते, त्यामुळे त्यांच्यासाठी सामीलनामा नव्हता. मध्यरात्री दिल्लीत घंटा वाजली, तरी सकाळी साऱ्याची वही होती तिथेच होती. मुंबई सरकारला ती उलगडायला कायद्यामागून कायदे करावे लागले. १९४८ च्या कूळकायद्याने खंडाला मर्यादा घातली: जिराईत जमिनीत पिकाचा तिसरा हिस्सा, बागायतात चौथा. १९५२ साली सरंजाम, जहागिरी आणि राजकीय स्वरूपाची इनामे खालसा करण्याचे नियम निघाले आणि त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून ती खालसा झाली. माझ्या मते जहागिरीच्या गावांचा खरा स्वातंत्र्यदिन तो. पण त्या दिवशी कुणी झेंडा लावल्याचे मी ऐकलेले नाही.

माझे आजोबा याच भागात दुसऱ्याची जमीन कसत. त्यांना विचाराल तर ते तिसरीच तारीख सांगत: १ एप्रिल १९५७, कृषकदिन. त्या दिवशी कूळ हे कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. किंमत आकाराच्या वीस ते दोनशे पटीत ठरायची आणि हप्त्याने फेडायची. ज्याला निफाडला मामलेदारापुढे उभे राहून 'ही जमीन मला घ्यायची आहे' असे म्हणता आले, तो मालक झाला. आजोबा म्हणाले. त्यांच्या शेजारच्या बांधावरच्या माणसाने मात्र आधीच 'राजीखुशीने' जमीन सोडल्याचा कागद दिला होता. राजी किती आणि खुशी किती, हे सगळ्या गावाला माहीत होते! असे राजीनामे महाराष्ट्रभर झाले, कूळकायद्याच्या कौतुकात ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

तुलनेसाठी आफ्रिकेतले युगांडा पाहा. १९०० साली इंग्रजांनी बुगांडाच्या काबाकाशी, म्हणजे तिथल्या राजाशी, करार करून सरदारांना चौरस मैलांच्या हिशेबाने जमिनी वाटल्या. मैलावरून त्या जमिनींचे नावच 'मायलो' पडले. युगांडा १९६२ मध्ये स्वतंत्र झाला, १९६७ मध्ये राजपदे रद्द झाली, पण मायलो जमिनीवरच्या कुळांचे आणि मालकांचे भांडण अजून मिटलेले नाही. एल्फिन्स्टनच्या जाहीरनाम्याची ही सख्खी बहीणच, फक्त तिथे १ एप्रिल १९५७ उगवला नाही.

आणखी एक तारीख राहिली. विंचूरहून येवला जवळ. तिथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, ती सर्वांना माहीत आहे. पुढे दोनच वर्षांनी त्यांनी मुंबई विधिमंडळात महार वतन रद्द करण्याचे विधेयक मांडले, हे कमी लोकांना माहीत असते. रात्रंदिवस राबायचे आणि बदल्यात जमिनीचा तुकडा, अशी ती वतनाची बेडी. ती तुटली १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतन निर्मूलन कायद्याने, म्हणजे स्वातंत्र्यानंतर अकरा वर्षांनी. जमिनी परत मिळाल्या, पण त्या 'नवीन शर्तीवर'. ती शर्त काढून घ्यायची, तर सरकारात रक्कम भरावी लागते आणि त्या रकमेला आजही आपले महसूल खाते 'नजराणा' असेच म्हणते.