मंडळाच्या तबकड्यांची पेटी

हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी "जुन्या आठवणींतले काहीतरी लिहा" असा संपादिका भगिनींचा निरोप आला तेव्हा मी प्रथम नकारच कळवला होता. मंडळाचा इतिहास म्हणजे अध्यक्षांची नावे, वर्गणीचे आकडे नि शिवणवर्गाची सुरुवात. ते काम माझ्याहून जाणत्या भगिनी करतील असे वाटले. परंतु मध्यंतरी कार्यालयाचे कपाट आवरायला गेले आणि खालच्या खणात ती तपकिरी पेटी दिसली. आत अकरा तबकड्या होत्या. १९७१ ते १९८० या दहा वर्षांत आपण मिळून घेतल्या होत्या तेवीस. त्यांचाच इतिहास लिहिते. शिवाय त्यात माझ्या मनावरचे एक ओझेही आहे, तेही एकदाचे उतरेल.

नव्या सुनांसाठी आधी थोडे मागचे सांगायला हवे. आपल्याकडे तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण सुरू झाले १९०२ साली, कलकत्त्यात, आणि त्या पहिल्या गायिकांपैकी एक गौहरजान. तेव्हापासून साठएक वर्षे ज्या तबकड्या चालल्या त्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे गाणे. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिकेनेही अख्खा राग तेवढ्यात बसवायचा! त्या तबकड्या लाखेच्या असत. आपल्या बांगड्यांना लागते तीच लाख. हातातून निसटली की तुकडे. आमच्या आजीच्या माहेरी चावीचा फोनो होता. दर गाण्याला सुई बदलावी लागे, आणि बोथट सुया मुले सागरगोट्यांसारख्या गोळा करीत.

१९६०च्या आगेमागे आपल्याकडे 'लाँग प्ले' आली. फेरे तेहतीस नि एक तृतीयांश, एका बाजूला वीस-बावीस मिनिटे. ही व्हिनाइल नावाच्या प्लॅस्टिकची. पडली तरी फुटत नाही. मात्र उष्णतेने वाकते. हे शेवटचे वाक्य वाचक भगिनींनी ध्यानात ठेवावे.

गिरगावात आमच्या चाळीत १९७१ साली रेडिओ बहुतेक बिऱ्हाडांत होता. दुपारी आकाशवाणीचे 'वनिता मंडळ', रात्री 'आपली आवड'. आमच्या आईच्या पिढीने १९५५ साली पुणे केंद्रावरून रामनवमीला सुरू झालेले गदिमा-बाबूजींचे 'गीतरामायण' ऐकले होते. आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन गीते. आईने ती ऐकता ऐकता वहीत उतरून घेतली होती. सुटलेल्या शब्दांच्या जागी रेघा, आणि पुन्हा प्रक्षेपण लागले की त्या रेघा भरायच्या. पण रेडिओ त्याच्या वेळेने गाणार. नेमके गाणे लागायचे तेव्हा नळाला पाणी यायचे! म्हणून "आपलाच एक रेकॉर्ड प्लेअर घ्यावा" ही सूचना एका सभेत निघाली, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने "घ्यावाच" असे म्हणणाऱ्या बायका पहाटे चारला पाण्यासाठी उठणाऱ्या होत्या.

दर सभासद बाईचा महिना एक रुपया, त्यात दिवाळीच्या चकल्या-कडबोळ्यांच्या ऑर्डरींची भर. त्यातून एच.एम.व्ही.चा 'फिएस्टा' आला, छोट्या बॅगेसारखा, झाकणाचा. तो कुणाच्या घरी ठेवायचा यावर दोन सभा झाल्या. शेवटी तळमजल्यावरच्या काकूंच्या खोलीत ठेवायचे ठरले. त्या एकट्या, पोळ्या करून देण्याचा त्यांचा व्यवसाय, आणि घरात अडवणारे पुरुषमाणूस नाही. (हे कारण इतिवृत्तात नाही, पण खरे कारण तेच.) पेटीची किल्ली काकूंच्या कमरेला असे.

पहिली तबकडी मात्र चुकली असे तेव्हा सगळ्यांचे मत पडले. कुणाच्या तरी भाच्याने सुचवली म्हणून 'कॉल ऑफ द व्हॅली' आणली. १९६७ साली निघालेली. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेच्या अहीर भैरवापासून शेवटच्या पहाडीपर्यंत. ती घडवून आणली होती एच.एम.व्ही.मधल्या गो. ना. जोशी यांनी, म्हणजे मराठीत भावगीत रुजवणाऱ्या त्याच जोशींनी. पण आमच्या बायका म्हणाल्या, "अहो, यात शब्दच नाहीत!" मग ती रांगोळी स्पर्धेच्या वेळी लावायची असे ठरले. काकूंना ती फार आवडे. पोळ्या लाटताना त्या हीच लावीत. "ह्यात कुणी काही सांगत नाही, म्हणून बरं वाटतं," असे त्या म्हणत.

१९७२ साली शांतारामबापूंचा 'पिंजरा' आला आणि मंडळात पहिली फूट पडायची वेळ आली. संगीत राम कदमांचे, गीते जगदीश खेबुडकरांची, लावण्या उषा मंगेशकरांच्या गळ्यातल्या. तरुण सुनांना ती तबकडी हवी होती. अध्यक्षाबाई म्हणाल्या, "हळदीकुंकवाच्या पेटीत लावणी ठेवायची का?" मी तेव्हा चौदा वर्षांची, सभेत चहा फिरवीत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, एरवी सभेत जप करणाऱ्या, म्हणाल्या, "सत्तेचाळीस साली 'लोकशाहीर रामजोशी' पाहायला आपण सगळ्या गेलो होतो. तेव्हा कुणाचं काय बुडालं?" मतदान झाले. दोन मतांनी लावणी जिंकली. अध्यक्षाबाईंनी निर्णय मानला, पण ती तबकडी लागली की त्या उठून गॅलरीत जात. एकदा मी त्यांना गॅलरीत कठड्यावर बोटांनी ठेका धरताना पाहिले. आता त्या नाहीत, म्हणून लिहायला हरकत नाही.

भीमसेन जोशींची 'अभंगवाणी' आली तेव्हा मात्र मतदान लागले नाही. चाली राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांच्या. गदगकडचा, घरी कानडी बोलणारा हा माणूस तुकोबा-नामदेवांचे शब्द असे काही उच्चारतो की चाळीतले कोकणी, देशावरचे, कारवारी सगळे एकाच गावचे होतात. एकादशीला दार उघडे ठेवून लावायची, म्हणजे जिन्यावर बसूनही ऐकता येई. किशोरीताईंचा भूप आम्ही उशिरा घेतला. पाचच स्वरांचा राग, आणि एक बाजू संपेपर्यंत खोलीत कुणी हलत नसे. त्यांच्या मातोश्री मोगूबाईंच्या वेळच्या तबकडीला हे शक्यच नव्हते. यंत्राने कलेचे नुकसान होते असे पुष्कळ विद्वान म्हणतात; मला ते अर्धेच पटते.

आता 'शिवकल्याण राजा'. शिवराज्याभिषेकाला १९७४ साली तीनशे वर्षे झाली, त्या निमित्ताने ही निघाली. हृदयनाथांचे संगीत, लताबाईंचा आवाज, निवेदन बाबासाहेब पुरंदऱ्यांचे. शब्द समर्थांचे, कवी भूषणाचे, गोविंदाग्रजांचे, सावरकरांचे, कुसुमाग्रजांचे. अडीच-तीनशे वर्षांची कविता एका तबकडीत. आम्ही ती १९७५च्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आणली. त्या वर्षी आईकडे मंडळाचे खजिनदारपद होते. महागाईचे दिवस होते, आणि एवढे पैसे खर्च केल्याबद्दल आईला सभेत दोन शब्द ऐकावेही लागले होते.

मी तेव्हा सतरा वर्षांची, कॉलेजात जाणारी. कुसुमाग्रजांची कविता मला वहीत उतरवून घ्यायची होती, आईसारखीच. मे महिन्यात काकू चार दिवस नात्यातल्या लग्नाला गेल्या. किल्ली आईकडे होती. मी ती न विचारता घेतली, तबकडी काढली आणि मैत्रिणीच्या घरी नेली. तिच्याकडे फिलिप्सचा प्लेअर होता. दुपारभर आम्ही सुई मागे आणून आणून शब्द लिहिले. मग जेवायला उठलो आणि तबकडी खिडकीच्या फळीवर राहिली. पश्चिमेची खिडकी, मे महिना. तासाभराने पाहते तो कड वर आलेली, जसा अर्धवट भाजलेला पापड.

दोन पाटांमध्ये दाबून पाहिली, वर पाटा ठेवला. काही झाले नाही. रात्री ती पाकिटात घालून पेटीत परत ठेवली, कुलूप लावले, किल्ली खुंटीवर टांगली.

पंधरा दिवसांनी राज्याभिषेक दिनाला ती लावली तेव्हा सुई पहिल्याच गीतावर उडाली. सगळ्यांच्या नजरा काकूंकडे. पेटी त्यांच्या खोलीत, त्यांच्या खोलीत दिवसभर स्टोव्ह. दुसरे कारण कुणाला सुचलेच नाही. कुणी म्हणाले, "तरी मी सांगत होते, पोळ्यांच्या घरात ठेवू नका." काकू एवढेच म्हणाल्या, "मी भरून देईन." आणि त्यांनी तीन महिन्यांत हप्त्याहप्त्याने पैसे भरून दिले. पोळ्यांचे पैसे! आईने ते पावती फाडून घेतले. मी तिच्या शेजारी बसून पावतीवर आकडे लिहिले. तोंडातून शब्द फुटला नाही.

पेटी पुढे दुसऱ्या बिऱ्हाडात गेली. काकू सभेला येत, पण मागे दाराजवळ बसत. १९७७ साली 'जैत रे जैत' आला. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा, ठाकर लोकांचा, ना. धों. महानोरांचे शब्द आणि पुन्हा हृदयनाथ. ती तबकडी आणली त्या दिवशी सगळ्या नाचल्या, अध्यक्षाबाईसुद्धा. काकू तेवढ्या आल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीपर्यंत गेले आणि दारातून परत फिरले.

१९८०पर्यंत आखाती देशांतून येणाऱ्या भावा-दिरांबरोबर 'टू-इन-वन' येऊ लागले. कॅसेट घरोघर झाली, एकत्र बसून ऐकण्याची गरज उरली नाही, आणि पेटी कपाटात गेली. काकू त्याच सुमारास डोंबिवलीला भावाकडे राहायला गेल्या.

मी त्यांच्याकडे गेले ती १९९१ साली, माझ्या मुलीला घेऊन. चहा झाल्यावर, मुलगी गॅलरीत गेल्याचे पाहून, सांगितले. काकूंनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "मला तेव्हाच ठाऊक होतं गं. पाकिटात तुझ्या अक्षरातला कागद राहिला होता. अर्धी कविता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझी आई त्या वर्षी खजिनदार. आधीच तिला बोलणी बसत होती. किल्ली तिच्याकडे होती म्हटल्यावर तिच्यावर गेलं असतं. ती लेकुरवाळी, चाळीत राहायचं होतं तिला. माझं काय, मी एकटी."

मी पैशांचे पाकीट पुढे केले. त्यांनी ते उचलून माझ्या मुलीच्या हातात दिले, खाऊला म्हणून. पुढे चार वर्षांनी त्या गेल्या. आई त्याआधीच गेली होती. तिला हे अखेरपर्यंत कळले नाही.

काकूंच्या पैशातून घेतलेली 'शिवकल्याण राजा'ची दुसरी प्रत पेटीत नाही, कुणीतरी नेलेली परत आली नसावी. वाकलेली पहिली प्रत मात्र आहे. नातवाने हौसेने नवा प्लेअर घेतला आहे, त्यावर परवा लावून पाहिली. बाहेरच्या कडेची दोन गीते लागत नाहीत, सुई उडते. त्यापुढची सगळी नीट ऐकू येतात.