लाइट गेली तर गोठवलेल्या बीजाचं काय? पेण-रोह्याच्या कुटुंबांसाठी माहिती

पनवेल-मुंबईच्या दवाखान्यांत जाणारी पेण-रोह्याकडची जोडपी आम्हाला विचारतात: स्त्रीबीज, शुक्राणू किंवा भ्रूण गोठवून ठेवले आणि लाइट गेली तर? भीती उगाच नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडमधल्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती.

पण ही साठवण फ्रीजमध्ये होत नाही. गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करायला येणाऱ्या डॉक्टरांचा डबा आठवा, झाकण उघडलं की पांढरी वाफ सोडणारा. दवाखान्यातली टाकीही त्याच जातीची. थर्माससारखी दुहेरी भिंत, मधली हवा काढून टाकलेली, आत उणे 196 अंश सेल्सिअसचा द्रवरूप नायट्रोजन. साध्या टाकीला वीज लागतच नाही. मात्र नायट्रोजन रोज थोडा उडून जातो, तो भरत राहावा लागतो. म्हणजे धोका टाकी रिकामी होण्याचा आहे. पातळी मोजायला माणूस हवा, पावसाळ्यात रस्ते बंद झाले तरी पुरेल एवढा साठा हवा. वीज लागते ती धोक्याच्या घंटेला, आणि तिथेच गफलत होते.

मार्च 2018 मध्ये अमेरिकेत असंच झालं. क्लीव्हलँडच्या एका रुग्णालयात टाकीतलं तापमान वाढलं आणि चार हजारांहून जास्त बीजं व भ्रूण गेले. कर्मचाऱ्यांना दूरवर सूचना देणारी यंत्रणा बंद होती. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोतही एक टाकी निकामी झाली. महागडी यंत्रं होती, बघणारं कुणी नव्हतं.

टाकीत पोहोचण्याआधीची इजा वेगळी. पेशीत पाणी असतं. ते सावकाश गोठलं की बर्फाचे टोकदार स्फटिक तयार होतात आणि पेशीचं आवरण फाडतात. उरलेल्या पाण्यात क्षार दाट होतात, त्यानेही पेशी मरते. 1949 मध्ये इंग्लंडात ख्रिस्तोफर पोल्ज आणि सहकाऱ्यांना दिसलं की ग्लिसरॉल मिसळलं तर गोठवलेले शुक्राणू जगतात. आज अशी द्रावणं पेशीतलं पाणी बाहेर काढून बर्फ होऊ देत नाहीत. पण हीच द्रावणं जास्त वेळ राहिली तर विषारी ठरतात, त्यामुळे सगळा खेळ मिनिटांचा.

स्त्रीबीज सर्वात नाजूक, कारण ती मोठी पेशी आहे आणि तिच्यात पाणी भरपूर. म्हणून बीज आणि भ्रूण आता सावकाश न गोठवता क्षणात काचेसारखे घट्ट केले जातात. वितळवतानाही तितकीच घाई करावी लागते, नाहीतर वाटेत बर्फ धरतो. चांगल्या प्रयोगशाळेत दहातली आठ-नऊ बीजं तगतात, पण तगलेल्या प्रत्येक बीजाचं मूल होत नाही, हे दवाखान्याने सांगितलं नसेल तर तुम्ही विचारा. शुक्राणू लहान आणि चिवट, तरी वितळल्यावर बरेचसे हालचाल गमावतात. एकदा उणे 196 वर गेल्यावर मात्र वर्षं सरल्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते मधेच ऊब लागल्याने: टाकी बदलताना, नळी शोधताना, दुसऱ्या शहरात नेताना.

आपल्यासाठी आणखी एक नुकसान आहे, आणि आमच्या मते ते सर्वात मोठं. पेशी जिवंत राहिली पण चिठ्ठी बदलली तर? प्रश्न नसबचा आहे. आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने 1986 मध्ये अम्मानला पती-पत्नीच्याच बीज-शुक्राणूंनी होणारी टेस्ट ट्यूब पद्धत काळजी घेऊन करायला मुभा दिली, तिसऱ्याचा सहभाग हराम ठरवला. 1990 मध्ये जेद्दाला त्याच अकादमीने सांगितलं की लागतील तेवढीच बीजं फलित करावीत, म्हणजे जास्तीचे भ्रूण उरणारच नाहीत. तेव्हा दवाखान्यात आधीच स्पष्ट बोला: किती बीजं फलित करणार, नळीवर दोघांची नावं व नंबर कसे लिहिता, प्रत्येक टप्प्यावर दुसरा माणूस तपासतो का. असं विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही.

2021 च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा दवाखान्याची आणि बँकेची नोंदणी सक्तीची आहे, लेखी संमतीशिवाय काही गोठवता येत नाही, आणि साठवण जास्तीत जास्त 10 वर्षं. संमतीपत्रात एक ओळ असते: दोघांपैकी एकाचा इंतकाल झाला तर काय करायचं. लोक ती न वाचता सही करतात. 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात असंच प्रकरण आलं. मरण पावलेल्या अविवाहित तरुणाने मृत्यूनंतर आपले शुक्राणू नष्ट करावेत असं लिहून दिलं होतं, आईला ते हवे होते. न्यायालयाने निकाल लागेपर्यंत ते जपून ठेवायला सांगितलं. आपल्याकडे बहुतेक उलेमांच्या मते मृत्यू किंवा तलाकनंतर ते वापरता येत नाहीत. घरात बोलून, मुफ्ती साहेबांना विचारून मगच ती ओळ भरा.

रोह्या-पेणहून खारघरला किंवा परळला कॅन्सरच्या उपचाराला जाणाऱ्या तरुणांच्या घरच्यांना खास सांगतो. किमोथेरपीने बीज आणि शुक्राणू दोन्ही बाधित होऊ शकतात. मुलाला नमुना द्यायला एखाद-दोन दिवस पुरतात, मुलीला बीज काढण्यासाठी साधारण दोन आठवडे लागतात. लाजेपायी हा विषय मागे पडतो. पहिली किमो लागण्याआधीच डॉक्टरांपाशी तो काढा.