सोसायटीत ईआरपी आली. आता तिचा फायदा टिकवायचा कसा?

गावच्या विकास सोसायटीच्या टेबलावर आता संगणक, प्रिंटर आणि अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र दिसतं. मागच्या कपाटात जुनी किर्द आणि खतावणीही असते. काही सोसायट्यांत दिवसभराचा व्यवहार आधी वहीत लिहिला जातो आणि सवड मिळेल तेव्हा संगणकात भरला जातो. अशा वेळी सचिवाचं काम दुप्पट होतं आणि सभासदाला फरक जाणवत नाही. यंत्रणा बसवल्यानंतर तिचा खरा उपयोग कधी सुरू होतो आणि तो टिकवण्यासाठी काय करावं लागतं, हे सिंधुदुर्गातल्या सोसायटीच्या नजरेतून समजून घेऊ.

ईआरपी म्हणजे काय?

ईआरपी हे 'एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग' या शब्दांचं लघुरूप आहे. कर्ज, ठेवी, खरेदी-विक्री, साठा आणि हिशेब अशी संस्थेची सगळी कामं एकाच प्रणालीत आणणं, ही त्यामागची कल्पना. सभासदाने उधारीवर खताची पिशवी नेली, की एकाच नोंदीतून साठा कमी होतो, सभासदाच्या नावे रक्कम पडते आणि तेरीज पत्रकात ती दिसू लागते. हाताने लिहिताना हाच व्यवहार तीन वह्यांत तीनदा लिहावा लागतो. त्यात एके ठिकाणी आकडा चुकला, तर तो बहुधा लेखापरीक्षणातच सापडतो.

हा प्रकल्प कोणता?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. मूळ तरतूद २,५१६ कोटी रुपयांची आणि मुदत २०२२-२३ ते २०२६-२७ अशी पाच वर्षांची होती. महाराष्ट्रात या संस्थांना आपण विविध कार्यकारी सेवा सोसायटी किंवा विकास संस्था म्हणतो. राज्यातल्या १२,००० संस्थांचा प्रकल्पात समावेश झाला. सर्वांसाठी एकच ईआरपी प्रणाली असून अंमलबजावणीची जबाबदारी नाबार्डकडे आहे. यंत्रसामग्री, जुन्या नोंदींचं संगणकीकरण, प्रशिक्षण आणि तांत्रिक मदत हे सगळं प्रकल्पाच्या खर्चात धरलेलं आहे.

सोसायटी, जिल्हा मध्यवर्ती बँक आणि राज्य सहकारी बँक हे पीक कर्जाचे तीन स्तर एकमेकांना जोडणं, हा यामागचा हेतू आहे.

'सुरू झाली' म्हणजे नक्की काय?

प्रणाली सुरू होण्याच्या दिवसाला 'गो-लाइव्ह' म्हणतात. पण प्रकल्पात त्यापुढचेही टप्पे मोजले जातात. रोजचा दिवसअखेर प्रणालीतच करणं हा एक टप्पा, आणि सगळं काम प्रणालीवर आणून 'ई-पॅक्स' होणं हा पुढचा. गो-लाइव्हच्या दिवशी संस्थेच्या हाती फक्त साधन येतं. फायदा मिळतो की नाही, हे या पुढच्या टप्प्यांत ठरतं.

पहिली पायरी: सुरुवातीची बाकी खरी असावी

प्रणाली बेरीज चुकत नाही, पण चुकीची सुरुवातीची बाकी ती वर्षानुवर्षं तशीच पुढे ओढते. म्हणून जुने आकडे भरल्यावर ते तीन ठिकाणी जुळवून पाहावेत: सभासदाच्या पासबुकाशी, जिल्हा बँकेतल्या सोसायटीच्या खात्याशी आणि शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदाशी. प्रत्येक सभासदाला त्याच्या बाकीची छापील चिठ्ठी देऊन सही घेणं हा सर्वांत साधा उपाय आहे. हरकत असेल, तर ती तेव्हाच पुढे येते.

कोकणात आणखी एक अडचण आहे. सातबारावर सामायिक खातेदार अनेक असतात, त्यातले निम्मे मुंबईला. काही नावं मयत व्यक्तींची असतात आणि वारस नोंद झालेली नसते. आधारवरचं नाव, सातबारावरचं नाव आणि सोसायटीच्या वहीतलं नाव यांत फरक असतो. हा गुंता प्रणाली सोडवत नाही. फक्त उघड करते. २०१७ च्या कर्जमाफीत माहिती जुळवण्याच्या घोळामुळे याद्या लांबल्या होत्या. पुन्हा एखादी योजना आली, तर याद्या लवकर लागण्यासाठी नोंदी आधीच स्वच्छ असायला हव्यात. म्हणून गणपती किंवा शिमग्याला चाकरमानी गावी येतात, तेव्हा कागदपत्रांची पूर्तता करून घेणं सोयीचं ठरतं.

दुसरी पायरी: दुहेरी लिखाणाला शेवटची तारीख

सुरुवातीला काही काळ वही आणि संगणक दोन्ही चालवणं शहाणपणाचं आहे. पण त्याला मुदत हवी. नाहीतर लोक वहीलाच खरं मानतात आणि संगणकातली नोंद वरिष्ठांना दाखवण्यापुरती उरते. सलग दोन-तीन महिने दोन्हींचं तेरीज पत्रक जुळलं, की संचालक मंडळाने लेखापरीक्षक आणि सहायक निबंधक कार्यालयाचा सल्ला घेऊन ठराव करावा आणि वही बंद करावी. जुन्या वह्या मात्र जपून ठेवाव्यात.

बदलाची वेळही महत्त्वाची असते. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने जुलै १९९९ मध्ये, सणासुदीच्या मागणीच्या तोंडावर नवी प्रणाली सुरू केली. गोदामात माल असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या वेळेत पुऱ्या करता आल्या नाहीत. सोसायटीसाठी मार्चअखेरची वसुली आणि खरीप कर्जवाटप हे तसेच दिवस. त्या काळात वही बंद करू नये.

तिसरी पायरी: दिवसअखेर आणि महिनाअखेर

समजा, एका शेतकऱ्याने २८ मार्चला ८०,००० रुपयांचं कर्ज फेडलं, पण नोंद ३ एप्रिलला झाली. ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जावरची व्याज सवलत वेळेवर परतफेडीवर अवलंबून असते. कागदावर हा शेतकरी उशिरा भरणारा ठरू शकतो. पैसे घेतले त्याच क्षणी प्रणालीतून पावती निघाली, तर तारखेचा वादच उरत नाही. म्हणून दिवसअखेर त्याच दिवशी झाला पाहिजे.

महिनाअखेरीला बँकेचं खातं, रोख शिल्लक आणि खताचा साठा जुळवावा. अनुदानित खताच्या विक्रीची नोंद पॉस यंत्रावरही होते. तो साठा, ईआरपीतला साठा आणि गोदामातल्या पिशव्या हे तिन्ही आकडे एक हवेत. हे काम साचलं तर काय होतं, याचं उदाहरण ब्रिटनमधलं बर्मिंगहॅम शहर. तिथल्या महापालिकेने एप्रिल २०२२ मध्ये ओरॅकलची प्रणाली सुरू केली. जुनी कार्यपद्धती जपण्यासाठी तिच्यात बदल करून घेतले होते. बँकेचे आकडे जुळेनात, ते हाताने जुळवायला माणसं लावावी लागली आणि खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट झाला. प्रणाली आपल्या सवयीप्रमाणे वाकवण्याआधी ती सवय खरोखर गरजेची आहे का, हे तपासावं.

सर्वांत मोठा फायदा कुठे?

बऱ्याच विकास संस्थांचं जुनं दुखणं म्हणजे 'अनिष्ट तफावत'. सोसायटीला जिल्हा बँकेला जेवढं कर्ज द्यायचं आहे, त्यापेक्षा सभासदांकडून येणं कमी असतं. त्या फरकाला हे नाव आहे. हाताच्या हिशेबात तो बहुधा वर्षाअखेरीलाच कळतो. प्रणालीत नोंदी ताज्या असतील, तर दर महिन्याच्या सभेत तो पाहता येतो. तो कुठल्या महिन्यात वाढला, व्याजामुळे की खर्चामुळे, हे कळलं की उपाय वेळेवर करता येतो. ईआरपीचा टिकाऊ फायदा असा निर्णयातून मिळतो.

हिशेब ३१ मार्चलाच तयार असतील, तर ३१ जुलैपर्यंतचं लेखापरीक्षण आणि ३० सप्टेंबरपर्यंतची वार्षिक सभाही धावपळीविना होते.

माणसं, पाऊस आणि वीज

गटसचिवाकडे अनेकदा एकाहून जास्त सोसायट्या असतात. सगळं ज्ञान आणि पासवर्ड त्याच्याकडेच असले, तर त्याची बदली किंवा निवृत्ती होताच काम थांबतं. म्हणून दुसरी व्यक्ती शिकवून तयार ठेवावी, पासवर्ड वेगळे असावेत आणि नोंद करणारा व मंजुरी देणारा एकच नसावा.

दुसरा प्रश्न पावसाळ्याचा. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळानंतर मालवण, देवगड, वेंगुर्ले भागात अनेक ठिकाणी कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळेसाठी क्रमांक छापलेलं पावतीपुस्तक हाताशी असावं. वीज व इंटरनेट आल्यावर त्या पावत्या क्रमाने, मूळ तारीख नमूद करून भराव्यात आणि दुसऱ्याने तपासाव्यात.

संचालकांनी दर महिन्याला विचारायचे पाच प्रश्न

१. गेल्या महिन्यात किती दिवस दिवसअखेर वेळेवर झाला नाही, आणि का?
२. बँकेची बाकी आणि आपली बाकी जुळते का?
३. अनिष्ट तफावत गेल्या महिन्यापेक्षा वाढली की घटली?
४. किती सभासदांची नावं, आधार किंवा वारस नोंद अजून अपुरी आहे?
५. सचिव आठवडाभर रजेवर गेला, तर काम कोण करील?

यातल्या कुठल्याही उत्तरासाठी सचिवाला कपाटातली वही काढावी लागली, तर ईआरपी अजून पूर्णपणे सुरू झालेली नाही असं समजावं. प्रकल्पाची मदत ठरावीक वर्षांपुरती आहे. त्यानंतरची दुरुस्ती, इंटरनेट आणि नव्या माणसाचं प्रशिक्षण यांसाठी सोसायटीने आपल्या अंदाजपत्रकात दरवर्षी थोडी रक्कम बाजूला ठेवायला आत्ताच सुरुवात करावी.