परसबाग का फसते? कारण शोधण्याची रीत

गोव्यात चतुर्थीनंतर पावसाचा जोर ओसरला की परसात वायंगणी भाज्यांची तयारी सुरू होते. तांबडी भाजी, मुळा, वांगी, मिरची, भेंडी, दोडका यांचे वाफे सजतात. मात्र डिसेंबर-जानेवारीत काही ठिकाणी झाडे खुरटतात, माना टाकतात किंवा नुसतीच पानांनी माजतात. अशा वेळी आणखी खत आणि आणखी पाणी देण्याकडे कल असतो. पुष्कळदा या उपायानेच उरलेली झाडेही जातात. म्हणून उपचारापूर्वी निदान आवश्यक ठरते.

त्यासाठी प्रथम एक गोष्ट पाहावी : सर्व जातींची झाडे बिघडली आहेत की एकाच कुळातील? सर्वच जाती खुरटल्या असतील, तर दोष बहुधा ऊन, पाणी किंवा माती यांत असतो. शेजारची तांबडी भाजी टवटवीत असून केवळ वांगी, मिरची, टोमॅटो मरत असतील, तर रोगाचा संशय घ्यावा.

ऊन

फळभाज्यांना दिवसातून किमान 6 तास थेट ऊन लागते. पालेभाज्या 4 तासांवरही तग धरतात. येथे एक फसगत नेहमी होते. मे महिन्यात सूर्य जवळजवळ माथ्यावर असल्याने जागा लख्ख उन्हाची वाटते. डिसेंबरात तो दक्षिणेकडे कलतो आणि 10 फूट उंचीच्या भिंतीची सावली भर दुपारीदेखील उत्तरेला सुमारे 8 फूट पडते. सकाळ-संध्याकाळी ती आणखी लांबते. त्यामुळे घराच्या वा कुंपणाच्या उत्तरेला लागून असलेला वाफा ऐन हंगामात सावलीत जातो. उंच, बारीक देठांची, प्रकाशाकडे झुकलेली रोपे ही त्याची खूण होय.

पाणी आणि मुळे

दुपारी मान टाकून संध्याकाळी सावरणारे झाड बहुधा आजारी नसते. सकाळीही ते मलूल असेल, तर बोट 2 ते 3 इंच मातीत खुपसून पाहावे. माती कोरडी असल्यास पाणी द्यावे. ओलीचिंब असल्यास मुळे गुदमरत आहेत असे समजून पाणी थांबवावे. कोवळी रोपे जमिनीलगत मऊ पडून कोलमडत असतील, तर दाट पेरणी आणि सततचा ओलावा ही प्रमुख कारणे असतात. वाफा माडाच्या बुंध्यालगत असेल, तर ती जागाच बदलावी. माडाची बहुतेक मुळे बुंध्यापासून सुमारे 2 मीटरच्या परिघात पसरलेली असतात आणि दिलेले खतपाणी तीच शोषून घेतात.

माती

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या पावसाने चुना आणि इतर क्षार धुपून जातात व जांभी माती आम्लधर्मी बनते. अशा मातीतील लोह व ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात. परिणामी खत घालूनही झाड उपाशी राहते. 4-5 ठिकाणांहून 6 इंच खोलीपर्यंतची माती घेऊन ती एकत्र करावी, सावलीत वाळवावी आणि अर्धा किलोचा नमुना माती परीक्षण प्रयोगशाळेत द्यावा. चुन्याचे प्रमाण अहवालानुसारच ठरवावे. चुना आणि शेणखत एकाच वेळी मिसळू नये, कारण त्यामुळे नत्र उडून जाते. दोहोंत किमान 15 दिवसांचे अंतर ठेवावे.

एकाएकी मर

काल हिरवेगार असलेले वांग्याचे झाड आज पाने पिवळी न पडताच लोळले, तर जिवाणूजन्य मर रोगाची शक्यता मोठी असते. त्याची परीक्षा घरीच होते. खोडाचा जमिनीलगतचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात टांगता धरावा. काही मिनिटांत कापाच्या जागेतून दुधासारखे धागे उतरू लागले, तर निदान पक्के होते. या रोगावर औषध नाही. झाड मुळासकट उपटून जाळावे, अवजारे धुवावीत आणि त्या वाफ्यात काही हंगाम वांगी, मिरची, टोमॅटो लावू नयेत. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने या रोगाला तोंड देणारी वांग्याची वाणे विकसित केली आहेत.

झाड हळूहळू खुरटत असेल, तर ते उपटून मुळे पाहावीत. मुळांवरच गाठी फुगलेल्या दिसल्यास तो सूत्रकृमींचा उपद्रव होय. वाल, चवळी यांच्या मुळांवरील गाठींना मात्र घाबरू नये. बोटाने सहज सुटणाऱ्या त्या गाठी नत्र पुरवतात. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडणे हा पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणूरोग आहे. अशी झाडे लगेच काढून टाकावीत.

फुले येतात, फळ धरत नाही

काकडी, दोडका, भोपळा यांची सुरुवातीची बहुतेक फुले नर असतात व ती गळणे स्वाभाविक आहे. मादी फुलामागे इवलेसे फळ असते. तेच पिवळे पडून गळत असेल, तर ते कापून पाहावे. आत अळ्या असल्यास फळमाशी, नसल्यास बहुधा अपुरे परागीभवन. काकडी-भोपळ्याची फुले पहाटे आणि दोडक्याची संध्याकाळी उमलतात. त्या वेळी नर फुल मादी फुलावर हलकेच टेकवावे. टोमॅटोची फुले उष्ण रात्रींमुळेही गळतात. पाने गर्द आणि फुले नाहीत, अशी स्थिती असल्यास नत्र अधिक झाले असे समजावे.

हंगाम वाचवता येतो

जानेवारीत निदान झाले, तरी वेळ गेलेली नसते. तांबडी भाजी पेरणीपासून सुमारे महिनाभरात काढणीस येते आणि मर लागलेल्या वाफ्यातही ती घेता येते. कोणत्या वाफ्यात काय लावले, काय मेले आणि केव्हा, एवढी नोंद वहीत ठेवावी. पुढील चतुर्थीनंतर कोणत्या वाफ्यात काय लावायचे, हे त्या नोंदीवरूनच ठरवता येईल.