दोन इंचांची गादी

मागच्या महिन्यात आमच्या गटाला एक काम मिळालं. एका घरात खिडकीखाली भिंतीला धरून सिमेंटचा ओटा बांधलेला, सहा फूट लांब नि दीड फूट रुंद. त्यावर बसायला गादी शिवून हवी होती. घरच्या बाई म्हणाल्या, एक इंचाचा फोम टाका, स्वस्तात होईल. आमच्या शिवणाऱ्या ताई ऐकेनात. खाली सिमेंट असलं की एक इंच फोम दाबून सपाट होतो, मग ती गादी नाही, चादरच. त्यावर गटातल्या एक वयस्क ताई बोलल्या, "आगगाडीच्या बाकावर तर तेवढंही नव्हतं. नुसत्या फळ्या!"

तिथून मी ही माहिती काढत गेले.

गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाच्या हालांवर 1917 साली लिहिलं होतं. पुढं स्वातंत्र्य आलं, पण फळ्या तशाच राहिल्या. 1974 साली तिसरा वर्ग बंद झाला म्हणतात. खरं तर त्याचं नाव दुसरा वर्ग झालं. बसणारीला त्यानं काय फरक पडला? माझी आजी गोंदियाहून नागपूरला, म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोमीटर, घडी केलेली गोधडी सोबत घेऊनच जायची. सामान म्हणून नाही, बसायला. माहेरी बाळंतपणाला निघालेली लेक असली तर दोन गोधड्या.

1977 च्या मार्चमध्ये जनता पक्षाचं सरकार आलं आणि मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. अहमदनगरला जन्मलेले, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलेले, राजापूरचे खासदार. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात होते आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याला. (प्रमिलाताई पुढं 1980 साली स्वतः खासदार झाल्या. हुंड्याच्या प्रश्नावर त्यांनी किती काम केलं, ते एकदा वेगळं सांगेन.) दंडवत्यांनी 1974 च्या संपात कामावरून काढलेल्या रेल्वे कामगारांना परत घेतलं आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच जाडीचा फोम बसवायला घेतला. पहिल्या वर्गाचं काही काढून घेतलं नाही, खालच्याला वर आणलं. मला त्यांच्या कामातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं.

26 डिसेंबर 1977 ला मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. तिचे सगळे डबे दुसऱ्याच वर्गाचे होते आणि बाकांना गादी होती. ही गाडी आपल्या गोंदियावरूनच जाते, आज इथं थांबतेही. तेव्हा आपला जिल्हा वेगळा नव्हता, आपण भंडाऱ्यात होतो. हळूहळू बाकी गाड्यांतही गाद्या आल्या. आता कुणी गोधडी घेऊन गाडीत चढत नाही, आणि ती गादी कुणामुळं आली हेही कुणाला आठवत नाही.

आता आपल्या ओट्याकडं येऊ. मी हा सगळा इतिहास त्या घरच्या बाईंना सांगितला आणि एक तासभर एक इंचाच्या नि दोन इंचाच्या तुकड्यांवर बसायला लावलं. त्यांनी दोन इंच घेतला. जाडं सुती कापड आधी धुऊन, वाळवून घेतलं, नाहीतर पहिल्या धुण्यात खोळ आटते. वरचा भाग, खालचा भाग आणि भोवतीची पट्टी, असे तुकडे कापले. शिवून झालेली खोळ फोमपेक्षा पाव-अर्धा इंच लहानच ठेवली, म्हणजे ती ताणून बसते, सुरकुत्या पडत नाहीत. चेन मागच्या बाजूला, आणि दोन्ही कोपऱ्यांवरून चार-चार बोटं पुढं वळवलेली. चेन आखूड झाली तर फोम आत घालताना शिवण उसवते. आमची पहिली खोळ अशीच वाया गेली. पावसाळ्यात गादी अधूनमधून उभी करून ठेवा, सिमेंटचा ओलावा खालून चढतो.

मजुरीवरून मात्र अजून ओढाताण आहे. फोमचे पैसे लोक न बोलता देतात, शिलाईचे म्हटलं की "घरचंच तर काम" म्हणतात. त्या दिवशी हिशेब करताना माझं लक्ष मशीनसमोरच्या स्टुलाकडं गेलं. आमच्या ताई सहा-सहा तास नुसत्या फळीवर बसून दुसऱ्यांच्या गाद्या शिवतात. फोमच्या कडेची पट्टी उरली होती. ती जोडून दोन स्टुलांपुरती झाली, तिसऱ्यासाठी पुढच्या कामाची वाट बघतोय.